'भोंगा'ची चौथी कॅसेट

१

ऋचाने पत्र्याचा डबा उघडून माझ्या नाकासमोर धरला. आत कॅसेटची सात कव्हरं ओळीने उभी होती. सहांमध्ये कॅसेट होती. चौथ्यात होता घडी करून कोंबलेला पेपर नॅपकिन.

"किशोरी मावशी, ती गेली," ऋचा म्हणाली. "म्हणजे... कुणीतरी नेली. आज बुधवार. फ्रायडेला सकाळी माझी फ्लाईट आहे."

मी मवालेहच्या बाजारातून मेथीच्या दोन जुड्या घेऊन घरी निघाले होते, तर ह्या पोरीने मला जिन्यातच पकडलं. शेजारी राहून राहून तिला माझा धंदा माहीत आहे. मी मरीन सर्व्हेअर. बंदरावर आलेला माल फुटला, भिजला, कमी भरला की विमा कंपनी मला पाठवते. सव्वीस वर्षं मस्कतमध्ये हेच करतेय. लोकांना वाटतं मी माल बघते. डोंबल! माल कधी बोलत नाही, पॅकिंग बोलतं.

ऋचाचे वडील चंद्रशेखर सोफ्यावर बसले होते. बासष्ट वर्षांचा माणूस, जन्मभर बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन. पण ब्याऐंशी साली लालबागच्या एका खोलीत तीन पोरांनी बँड काढला होता, त्याचं नाव 'भोंगा', आणि त्यात हे गिटार वाजवायचे आणि गायचे. बासवरचा गजेंद्र करोनात गेला. ड्रमवरचा जनार्दन इथेच ओमानमध्ये, सूरला, लाकडी जहाजांच्या कारखान्यात सुतार आहे. त्याच्या जुन्या ड्रमच्या काठ्या चंद्रशेखरांनी फ्रेम करून हॉलमध्ये लावल्यात. मुठीशी हिरवी इन्सुलेशन टेप गुंडाळलेल्या.

मी खरं सांगते, मला हे प्रकरण कधी झेपलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी चंद्रशेखरांनी पुन्हा गिटार काढली तेव्हा मधली भिंत ठोकणारी बया मीच.

'भोंगा'ने एकही रेकॉर्ड काढली नाही. मागे राहिल्या त्या ह्या सात कॅसेट. चाळीस वर्षांनी मुंबईतल्या एका छोट्या कंपनीने त्या सुरुवातीच्या गाण्यांची एलपी काढायचं ठरवलं. नाव 'पहिला भोंगा'. शेवटचं गाणं 'हजेरी', आणि ते फक्त चौथ्या कॅसेटवर.

"कॉपी?" मी विचारलं.

"बाकीच्यांची ऋचाने केली. चौथीची नाही," चंद्रशेखर म्हणाले. "टेप जुनी झालीय. एकदा वाजवली की पुन्हा वाजेल याचा भरवसा नाही. म्हणून ती तिथल्या लॅबमध्येच वाजवायची होती. मीसुद्धा त्र्याऐंशीत शेवटची ऐकली आणि कव्हरात घातली ती घातली."

घ्या! चांगली साडी ठेवणीत, चांगले कप पाहुण्यांना, आणि आपण मरेपर्यंत कान तुटलेल्या कपातून चहा प्यायचा. आपल्या लोकांची ही खोड जात नाही.

"शनिवारी लॅबमध्ये पोचलं नाही तर रेकॉर्डच्या कारखान्यातला नंबर जातो. मग वर्षभर थांबा," ऋचा म्हणाली.

"थांबा की मग वर्षभर."

चंद्रशेखरांनी मान वळवून उजवा कान माझ्याकडे केला. मला वाटलं ऐकू आलं नाही. ऐकू आलं होतं.

"डावा कान मार्चमध्ये गेला," ते म्हणाले. "हा निम्मा राहिलाय. डॉक्टर म्हणतात पुढच्या दिवाळीपर्यंत हाही जाईल. मला 'हजेरी' एकदा ऐकायचीय हो."

मी मेथी त्यांच्या टीपॉयवर ठेवली आणि नॅपकिन हातात घेतला.

२

नॅपकिनच्या कडेला पिवळे मोदक छापले होते. तुपाचा डाग पडला होता.

"हे गणपतीसाठी मी पुण्याहून आणलेले," वसुंधरा म्हणाली. ती चंद्रशेखरांची बायको, माझी मैत्रीण. "शनिवारीच काढले. उरलेले मी रविवारी विसर्जनानंतर ठेवून दिले."

म्हणजे चोरी गणपतीच्या त्या दीड दिवसात, बहुतेक रविवारी आरतीच्या गर्दीत. त्या दिवशी घरात तीस माणसं होती, मीसुद्धा. पण हा डबा ठेवतात त्या बेडरूममधल्या कपाटाची किल्ली फ्रिजवरच्या पीठाच्या डब्यात असते, हे घरच्या तिघांशिवाय ठाऊक होतं दोघांनाच. जुन्या कॅसेट जमवणारा त्यांचा दोस्त सलील, आणि जनार्दन.

मी वसुंधराला स्वयंपाकघरात नेलं आणि स्पष्टच विचारलं, "तू तर नाही ना नेलीस? तुला तो आवाज आवडत नाही. इतकी वर्षं ऐकतेय मी तुझ्याकडून."

ती रागावली नाही. डब्याचा तळ दाखवला. तिथे चपलांच्या खोक्यांत येतात तशा सिलिका जेलच्या पुड्या होत्या, दहा-बारा.

"दर सहा महिन्यांनी बदलते मी," ती म्हणाली. "इथला उन्हाळा, समुद्राची दमट हवा. चार घरं बदलली आम्ही. प्रत्येक वेळी हा डबा मांडीवर घेऊन बसले गाडीत. मला नाही आवडत ते गाणं, किशोरी. पण तो माणूस आवडतो ना."

मला तिचं फार कौतुक वाटलं आणि विचारल्याची लाजही वाटली.

"आरतीच्या दिवशी बेडरूममध्ये कोण गेलं होतं?"

"सलील गेला होता हात धुवायला. आणि जनाभाऊजी. ते तर दर गणपतीला जातात. डबा उघडतात, चौथी कॅसेट हातात घेतात, थोडा वेळ बसतात, परत ठेवतात. मी कधी काही बोलले नाही. जुने दिवस आठवत असतील म्हटलं."

"चौथीच?"

वसुंधरा थबकली. "हो गं. चौथीच."

निघताना ऋचाने माझ्या डोक्यावर हेडफोन घातला. "मावशी, एकदा ऐका. मग शोधा." पहिल्या कॅसेटवरचं गाणं होतं. आधी नुसता बास, एकच ओळ पुन्हा पुन्हा. गिटार मागे कुठेतरी कुरकुरत होती. आणि ड्रम! झांजा नाहीत, सजावट नाही, फक्त ठोके, पण एकही ठोका उगाच नाही. त्यावर वीस वर्षांचा चंद्रशेखर गात नव्हता, गेटवरचा कारकून नावं पुकारतो तसा शब्द टाकत होता.

मी तीन गाणी उभ्याने ऐकली. मेथी त्यांच्याच घरी विसरले.

३

सलील अल खुवैरला राहतो. चाळिशीचा, आयटीवाला, आणि जुन्या कॅसेटचं वेड लागलेला. त्याच्या हॉलमध्ये सोफा एक आणि कॅसेटची कपाटं चार. मधोमध एक जुना कॅसेट डेक, इतका लखलखीत की देवघरात ठेवावा.

"चौथी कॅसेट तू तीनदा मागितली होतीस," मी म्हटलं.

"पाचदा," सलील म्हणाला. "मावशी, तुम्हाला कल्पना नाहीये ते काय आहे. विलायतेत रॉक वाजवणाऱ्या पंकवाल्या पोरांनी गाण्यांतून दगड मारले. हे त्याच्या पुढचे, पोस्ट-पंक. हे फुटलेल्या काचेकडे बघत विचार करत बसले. आणि हे तीन मराठी पोरं करत होती, लालबागमध्ये, उसन्या वाद्यांवर! 'हजेरी'त म्हणे शेवटी बास आणि गिटार थांबतात आणि जनार्दन एकटा दोन मिनिटं वाजवतो. चंदूकाकांनी वर्णन केलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला."

"म्हणून उचललीस?"

तो खुर्चीतून उठला. चेहरा लाल. मग त्याने कपाटातून एक कॅसेट काढून माझ्यापुढे आपटली. कव्हराच्या आतला कागद दाखवला, हाताने रंगवलेला.

"हा कागद नसेल तर आमच्यात कॅसेट अर्धी समजतात. चौथीच्या कव्हरात गजेंद्रकाकांनी काढलेलं गिरणीच्या चिमणीचं चित्र आहे. तो कागद गेला का?"

नव्हता गेला. चित्र जागेवर होतं, कव्हर जागेवर होतं. फक्त कॅसेट नव्हती. सलील म्हणाला त्यात मला खोट दिसेना. संग्राहक चोर कव्हर सोडणार नाही. ज्याने नेली त्याला चित्र नको होतं, बँडची आठवण नको होती. त्याला टेपवरचं काहीतरी हवं होतं, किंवा टेपवरचं काहीतरी कुणाच्या कानी पडायला नको होतं.

आणि त्याने कव्हरात नॅपकिन कोंबला, डबा हलवला तर खुळखुळू नये म्हणून. ही पोकळी भरायची सवय समुद्रावरून माल पाठवणाऱ्यांची. मी रोज बघते.

"सलील," मी विचारलं, "हा डेक जुनी टेप न तोडता वाजवेल?"

"लॅबइतक्याच काळजीने. का?"

"तयार ठेव."

४

परत येऊन मी चंद्रशेखरांच्याच घरी गेले आणि ऋचाकडे फोटो मागितले. कंपनीला पाठवायला तिने गणपतीच्या आधी सगळ्या कॅसेट कव्हरातून काढून फोटो घेतले होते. फोनवर मोठे करून एकेक बघितले.

कॅसेटच्या मागच्या कडेला दोन इवल्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की तिथे खाचा पडतात, मग कॅसेटवर नवीन काही भरता येत नाही. टेपरेकॉर्डरचं बटणच दबत नाही. माझ्या पिढीला हे पाठ आहे. ऋचाला विचारलं तर म्हणाली, "मला वाटलं ते डिझाईन आहे."

चंद्रशेखरांना विचारलं. ते म्हणाले, "सातही कॅसेटच्या पट्ट्या मी स्वतः पेचकसाने मोडल्या. चुकून कुणी पुसू नये म्हणून."

सहा कॅसेटना खाचा उघड्या होत्या. चौथीला एका बाजूची खाच झाकलेली होती. खाच झाकली की बटण पुन्हा दबतं.

झाकली होती हिरव्या इन्सुलेशन टेपच्या तुकड्याने.

मी मान वर केली. समोर भिंतीवर फ्रेम होती. फ्रेममधल्या काठ्यांच्या मुठी हिरव्या होत्या. चंद्रशेखरांनी माझी नजर पाहिली नाही, बरं झालं.

"ऋचा," मी म्हटलं, "उद्या कामाला दांडी मारतेय. सकाळी सूरला जायचंय. बाबांना सांगू नकोस."

५

सूरपर्यंत दोन तास. गाडीत मी ऋचाला सगळं सांगितलं. कॅसेट बंद केल्यावर कुणीतरी ती पुन्हा उघडली आणि त्यावर काहीतरी भरलं. ज्याने भरलं त्यालाच ठाऊक की त्या जागेचं गाणं आता नाही. लॅबमध्ये वाजली असती तर ते उघड झालं असतं. म्हणून लॅबमध्ये जायच्या आधी ती गायब.

"म्हणजे 'हजेरी'... नाहीच आहे?" ऋचाने विचारलं. "बाबा मरतील, मावशी."

मलाही तीच भीती होती.

कारखान्यात एक मोठं जहाज अर्ध्याच फळ्या ठोकलेलं उभं होतं. जनार्दन त्याच्या पोटाशी बसून फळीला रंधा मारत होता. साठी उलटली तरी अर्बाब, म्हणजे मालक, सोडत नाही, हात तसा आहे म्हणून. मी जरा लांबच थांबले. रंधा सुद्धा ठेक्यात चालला होता.

आम्हाला बघून तो उठला. खिशातून रुमाल काढला. रुमालात कॅसेट होती.

"माका ठावक होता, कोणतरी येतला म्हणान," तो म्हणाला. मग ऋचाकडे बघून मालवणी जरा आवरत, "बस गो चेडवा. सांगतो."

चौऱ्याऐंशीत तो आणि चंद्रशेखर मस्कतच्या रुवी भागात एका खोलीत राहायचे. फोन परवडायचा नाही. जनार्दनची आई देवगडजवळच्या गावात, तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तेव्हा आखातातली माणसं पत्राऐवजी कॅसेट पाठवायची. कुणी गावाला निघालं की त्याच्याबरोबर टेपरेकॉर्डर आणि कोरी कॅसेट द्यायची, घरची माणसं बोलायची, परत येताना तो घेऊन यायचा.

"एक गाववाला अचानक निघाला. अर्ध्या तासात विमानतळावर. कव्हरं पुसायला म्हणून मी खोलीतल्या सगळ्याच कॅसेट बाजेवर काढल्या होत्या, त्यातली एक उचलली. चंदूची खोड, नाव कव्हरावर लिहायचा, कॅसेटवर कधी नाही. सगळ्या सारख्याच. बटण दबेना, म्हणून मी खाचेवर पट्टी मारली. घाईत वाटलं, जुनी सिनेमाची गाणी असतील." त्याने मांडीवरचा भुसा झटकला. "दोन महिन्यांनी परत आली. लावली, तर आये बोलत होती. आणि ती बोलायची थांबली तिथे माझाच ड्रम वाजायला लागला. तेव्हा कळलं मी काय करून बसलोय."

"मग बाबांना का नाही सांगितलं?"

"कसा सांगू? त्याचं सगळ्यात लाडकं गाणं. कॅसेट गुपचूप कव्हरात ठेवली. त्याच शिमग्याला आये गेली. मला जाता आलं नाही." त्याने रुमालाची घडी केली, पुन्हा उघडली. "तिचा दुसरा आवाज नाय खंय. फोटोसुद्धा एकच. चंदूकडे मागू कसा? मागितली तर का म्हणून विचारेल. दरवर्षी गणपतीला जायचो, हातात धरायचो, ठेवायचो. ह्या वर्षी ऋचा म्हणाली, लॅबमध्ये वाजणार. मग राहवलं नाही, उचलली."

"चार दिवस झाले. ऐकलीत?" मी विचारलं.

"नाही ताई. वाजवताना तुटली तर?"

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. पण ह्या माणसाने चाळीस वर्षं झाकलं होतं, आणि त्यात नुकसान सगळं स्वतःचंच केलं होतं. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही.

"चला गाडीत बसा," मी म्हटलं. "मी चंद्रशेखरांना काही सांगणार नाही. तुम्ही सांगायचं."

६

सलीलच्या हॉलमध्ये दुपारी चार वाजता आम्ही सगळे जमलो. जनार्दन उभाच राहिला. चंद्रशेखरांच्या उजव्या बाजूला जाऊन त्याने सगळं सांगितलं, एका दमात, काही न वगळता.

चंद्रशेखर सोफ्यावरून पुढे झुकले.

"'हजेरी' पुसलीस?"

"होय."

"गजा गेला. माझे कान चाललेत. आणि तू 'हजेरी' पुसलीस!" ते उठले. मला वाटलं हात उचलतात की काय. वसुंधरा पुढे झाली. त्यांनी जनार्दनची कॉलर धरली आणि हलवली. "आणि काय रे गाढवा, चाळीस वर्षं तुझी आई माझ्या कपाटात होती, आणि तुला एकदा मागता आली नाही? मी काय तुला नाही म्हटलं असतं?"

जनार्दन रडायला लागला. कॉलर सोडली नव्हती तोवर चंद्रशेखरही रडायला लागले. दोन म्हातारे एकमेकांना धरून उभे होते आणि आम्ही चौघं पंख्याकडे बघत होतो.

"वाजव," चंद्रशेखर सलीलला म्हणाले. "तुटली तर तुटली."

सलीलने हात धुऊन कोरडे केले. ऋचाने लॅपटॉप जोडला. चंद्रशेखर स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवून जमिनीवर बसले. बटण दाबलं.

खरखर. मग कोंबडा आरवला. मग एका बाईचा आवाज, भांबावलेला.

"जना, मी आये बोलतंय. ह्या पेटीत बोलूचा म्हणतत. तोंड खंय ह्येचा?"

जनार्दनने डोळे मिटले. ती सहा मिनिटं बोलली. काळी गाय व्याली, पाडी झाली. थंय पाणी गोडा मिळता मां? वेळेवर जेवतंस मां? मध्येच ती हसली आणि म्हणाली, "अजून बडयतंस काय रे ता ढोल? बडय. शेजारी बोंबलतले. बोंबलांदेत."

शेवटी शेवटी तिला सुचेना. "आता ह्या बंद कसा करूचा? जना... ऐकतंस मां रे?"

"होय गे आये," जनार्दन म्हणाला. "ऐकतंय."

खट्ट झालं. आणि ड्रम सुरू झाला.

बास नाही, गिटार नाही. गाण्याचं सगळं पुढचं अंग पुसलं गेलं होतं, पण तिचं बोलणं संपलं तिथून टेप तशीच राहिली होती. एकोणीस वर्षांचा जनार्दन एकटा वाजवत होता. दोन मिनिटं. घाई नाही, दिखाऊपणा नाही, प्रत्येक ठोका आधीच्याला धरून. मी आयुष्यात पुष्कळ मैफिली ऐकल्यात. इतकं सरळ आणि इतकं जिवाचं मी काही ऐकलं नव्हतं. चंद्रशेखरांचा हात स्पीकरवर होता आणि बोटं ठेका धरत होती. एकही चुकला नाही.

टेप तुटली नाही. ऋचाने डोळे पुसले आणि लॅपटॉपकडे बघितलं. "बाबा, आधीची सिक्स मिनिट्स कट करू? कंपनी म्हणेल गाणंच पाहिजे."

"एक सेकंद कापशील तर बघ," चंद्रशेखर म्हणाले. "ह्याचं नाव 'हजेरी'च राहील. आणि आवाज म्हणून नाव... जना, आईचं नाव काय रे?"

जनार्दनला क्षणभर आठवेना. "सत्यभामा," तो म्हणाला. "सगळी आयेच म्हणायची."

ऋचा शुक्रवारी सकाळी गेली. डिसेंबरात रेकॉर्ड आली. मागच्या बाजूला, शेवटच्या ओळीत: हजेरी. आवाज, सत्यभामा. ड्रम, जनार्दन. जनार्दनने सूरहून येऊन आपली प्रत आणि चौथी कॅसेट नेली. चंद्रशेखरांनी ती कव्हरासकट दिली, आणि कव्हरावर ह्या वेळी नीट नाव लिहिलं.

मी सलीलकडून एक जुना रेकॉर्ड प्लेअर घेतला. काल दुपारी पहिल्यांदा लावली, पूर्ण आवाजात, म्हणजे पलीकडे चंद्रशेखरांनाही ऐकू जावी. ड्रम सुरू झाला तशी वरच्या मजल्यावरून कुणीतरी जमीन ठोकली.

"बोंबलांदेत," मी म्हटलं, आणि आवाज आणखी वाढवला.